आठवड्यातून एकदाच: मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकाच वारी घ्यायची असते. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात असू द्या. आमवातासाठी किंवा सोरायसिस या त्वचारोगासाठी दिलेली ही गोळी कुणी चुकून रोज घेतली, तर आठ-दहा दिवसांत जिवावर बेतू शकतं. तीच गोळी ठरल्या वारी, ठरल्या मात्रेत आणि वेळच्या वेळी रक्त तपासून घेणारी माणसं ती वर्षानुवर्षं घेतात. भाकऱ्या थापतात, एसटीने प्रवास करतात, नातवंडांना कडेवर घेतात.

मी फार्मासिस्ट आहे. ही गोळी न्यायला येणाऱ्यांत मला दोन तऱ्हेची माणसं दिसतात. काहीजण घाबरलेले असतात. "ताई, मोबाईलवर बघितलं, ही कॅन्सरची गोळी आहे म्हणे." यातले कितीतरी जण पहिली पट्टी संपायच्या आतच औषध सोडतात आणि वर्षभराने सुजलेली, वाकडी झालेली बोटं घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जातात. दुसरे अगदी निर्धास्त असतात. जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या नेत राहतात, दोन-दोन वर्षं रक्त तपासत नाहीत, आणि ताप आला, जुलाब झाले तरी वार आला की गोळी घेतात. या दोघांनाही नीट समजावून सांगणारं कुणी भेटलेलं नसतं. डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटं मिळतात, बाहेर रांग असते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हे औषध नक्की करतं काय?

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तो, हा झिजेचा आजार नाही. वयाबरोबर गुडघे झिजतात ते वेगळं. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. सकाळी उठल्यावर बोटं तासभर वळत नाहीत, मनगटं सुजतात, चहाचा कप धरवत नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली, तेव्हा मोठ्या माणसांत साधारण अर्धा टक्का लोकांना हा आजार आढळला. आकडा लहान वाटतो, पण हजार मोठी माणसं असलेल्या गावात पाच जण म्हणजे काही थोडे नव्हेत. त्यात बायका जास्त, आणि पुष्कळदा ऐन संसाराच्या वयातल्या.

वेदनाशामक गोळीने दुखणं थांबतं, आजार थांबत नाही. सांधा आतून खराब होत राहतो. मेथोट्रेक्सेट हा हल्लाच सौम्य करतं, म्हणून जगभर आमवातात साधारणपणे सर्वांत आधी याच औषधाने उपचार सुरू करतात. अमेरिकेत १९८८ साली त्याला आमवातासाठी अधिकृत मंजुरी मिळाली. सोरायसिस, सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, लहान मुलांचा संधिवात अशा आजारांतही ते देतात.

कॅन्सरची भीती मात्र एकदा नीट तपासून बघू. हो, हे औषध कॅन्सरमध्येही वापरतात. तिथे काही उपचारांत मात्रा थेट ग्रॅममध्ये जाते. आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम देतात. शेकडो पटींचा फरक आहे, आणि मात्रा बदलली की औषधाचं काम बदलतं. जास्त मात्रेत ते वेगाने वाढणाऱ्या पेशींची वाढ रोखतं. आठवड्याच्या छोट्या मात्रेत सूज शांत करतं. प्रतिकारशक्ती थोडी दबते हे खरं, पण माणूस काही निःशस्त्र होत नाही. मास्क लावून घरात बसायची गरज नसते.

परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं, तर तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून गोळी बंद होते. दोन-तीन महिने धीर धरायचाच आहे, हे मनाशी पक्कं करून सुरुवात करा. तोवर दुखणं सांभाळण्यासाठी डॉक्टर वेगळी औषधं देतात.

मुंबईतल्या गरोदर बायकांपासून सुरू झालेली गोष्ट

या औषधाचा इतिहास इथे सांगतेय, कारण तो कळला की त्याचे धोके पाठ करावे लागत नाहीत, आपोआप समजतात.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांच्या या शहरातल्या गरीब, गरोदर बायकांना एक विचित्र ॲनिमिया होत होता. रक्त इतकं कमी व्हायचं की त्यात बायका दगावायच्या. विल्स यांनी त्यांचं खाणं-पिणं तपासलं, आणि यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने हा ॲनिमिया बरा होतो असं दाखवून दिलं. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मार्माइटमधलं ते अज्ञात द्रव्य म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. आज गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून लोहाबरोबर मिळतं तेच.

नवीन पेशी तयार करायला शरीराला फॉलिक ॲसिड लागतं. मग ज्या आजारात पेशी बेफाम वाढतात तिथे हा पुरवठाच तोडला तर? अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधन करत होते. त्यांच्या पथकाने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केलं, आणि त्याच्यासारखी दिसणारी पण त्याचं काम अडवणारी द्रव्यंही बनवली. त्यातलं एक बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या मुलांना दिलं. १९४८ मध्ये त्यांनी कळवलं की काही मुलांचा आजार काही काळ मागे हटला. तोवर त्या आजारावर हातात काहीच नव्हतं. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातलं, जास्त सुरक्षित ठरलेलं भावंड. सुब्बाराव त्याच वर्षी, वयाच्या ५३ व्या वर्षी वारले. आपल्याकडे त्यांचं नाव शाळेतल्या पुस्तकात ठळकपणे असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता हे धोक्यांशी जोडून बघा. मेथोट्रेक्सेट शरीरातल्या फॉलिक ॲसिडचं काम अडवतं. मात्रा जास्त झाली की ज्या जागी पेशी सतत नव्याने बनतात तिथे पहिला फटका बसतो: तोंडाच्या आतली त्वचा, आतडी, आणि हाडांच्या आतला रक्त तयार करणारा मगज, म्हणजे बोन मॅरो. म्हणून विषबाधेची पहिली खूण बऱ्याचदा तोंड येणं ही असते. मग जुलाब, ताप, अंगावर जांभळे डाग, हिरड्यांतून रक्त. पांढऱ्या पेशी घसरल्या की साधा संसर्गही आवरत नाही. विल्स यांनी ज्या बायका पाहिल्या त्यांच्यात फॉलिक ॲसिड कमी पडत होतं; इथे ते औषधामुळे कमी पडतं, आणि फार वेगाने.

चूक होते कुठे?

रोज गोळी घेणारा माणूस निष्काळजी असतो असं समजू नका. उलट बहुतेकदा तो औषधं काटेकोरपणे घेणाराच असतो. आपल्याकडे बाकी सगळी औषधं रोजची असतात: बीपीची, शुगरची, थायरॉइडची. हात तसाच वळलेला असतो. शिवाय आमवाताच्या माणसाला एकाच चिठ्ठीवर तीन-चार गोळ्या मिळतात, आणि प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज. प्रेडनिसोलोन रोज सकाळी, तेही काही आठवड्यांनी कमी होत जाणारं. फॉलिक ॲसिड आठवड्यातले काही दिवस. मेथोट्रेक्सेट एकच दिवस. हे सगळं घाईत, वळणदार अक्षरात, इंग्रजीत लिहिलेलं. चिठ्ठीवर 'मंडे' लिहिलेलं 'मॉर्निंग' असं वाचलं जाऊन गोळी रोज सकाळी घेतली गेल्याच्या नोंदी परदेशात झालेल्या आहेत.

आपल्या बाजारात आणखी एक अडचण आहे. मेथोट्रेक्सेटच्या काही प्रचलित गोळ्यांचं नाव 'फॉल'ने सुरू होतं आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचंही. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा छोट्या आणि पिवळ्या. एक रोज घेतली तर काही बिघडत नाही, दुसरी रोज घेतली तर अतिदक्षता विभाग. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की या दोन गोळ्या एका डबीत कधीच ठेवू नका. पट्टीतून काढून डबीत भरायच्याही नाहीत. पट्टीवरचं नाव आणि मिलिग्रॅम शेवटच्या गोळीपर्यंत वाचता आलं पाहिजे. कंपनी बदलली तर रंग बदलतो, आकार बदलतो, आणि पाचच्या जागी साडेसातची किंवा दहाची गोळी हातात येऊ शकते. मेडिकलमधून बाहेर पडण्याआधी विचारा: "ही किती मिलिग्रॅमची, आणि माझ्या डोससाठी किती गोळ्या?" विचारायला संकोचू नका. आमचं कामच ते आहे.

घरच्या घरी करता येणारा एक हिशोबही सांगते. आठवड्याला एक गोळी असेल, तर दहा गोळ्यांची पट्टी दहा आठवडे, म्हणजे अडीच महिने पुरते. आठवड्याला दोन असतील, तर पाच आठवडे. पट्टी त्याआधी संपली तर काहीतरी गडबड आहे. आजी-आजोबांची औषधं बघणाऱ्या मुला-सुनांनी एवढं जरी मोजलं तरी मोठा अनर्थ टळेल. आणि एका वेळी सहा महिन्यांचा साठा घरात आणूच नका.

वार निवडताना आपल्या आयुष्यातला एखादा पक्का वार पकडा. गावचा आठवडी बाजार, मुलांच्या शाळेची सुट्टी, देवळात जायचा दिवस, काहीही. मात्र त्या दिवशी कडक उपवास नको. हे औषध पोटभर जेवून, भरपूर पाणी पिऊन घेतलेलं बरं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराच्या चौकटीत खूण करा आणि गोळी घेतली की तिच्यावर काट मारा. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून वाराचं नाव मराठीत, पूर्ण लिहून घ्या. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये अशाच चुकांमुळे नियम कडक केले: पाकिटावर इशारा, बाटलीऐवजी पट्टीतच गोळ्या आणि रुग्णाजवळ ठेवायला एक कार्ड. आपल्याला त्याची वाट बघायचं कारण नाही, हे घरच्या घरी आजच करता येतं.

वार चुकला तर? पुढच्या दोन दिवसांत आठवण झाली तर घ्या. त्यापेक्षा उशीर झाला तर त्या आठवड्याची गोळी सोडून द्या आणि पुढच्या ठरल्या वारी नेहमीचीच मात्रा घ्या. राहिलेली भरून काढायला दुप्पट घ्यायची नाही. एखादा आठवडा चुकल्याने आजार लगेच उसळत नाही. औषध पेशींच्या आत साठलेलं असतं.

आणि रोज घेतली गेली असं लक्षात आलं तर? बरं वाटत असलं तरी वाट बघत बसू नका. औषध बंद करा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. जाताना पट्टी बरोबर न्या आणि किती दिवसांत किती गोळ्या गेल्या ते स्पष्ट सांगा. यावर ल्यूकोव्होरिन नावाचा उतारा आहे, तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो. "तोंड आलंय, जरा मलम द्या" म्हणून दुकानात थांबलेले दोन दिवस फार महागात पडतात. कुणी ओरडेल म्हणून लपवू नका. ही चूक कुणाच्याही हातून होऊ शकते.

फॉलिक ॲसिड सोडू नका

काहीजण चार पैसे वाचवायला किंवा "व्हिटॅमिन तर आहे" म्हणून हीच गोळी वगळतात. ती वगळू नका. तिच्यामुळे मळमळ, तोंड येणं, लिव्हरच्या तपासणीतले आकडे वाढणं बरंच कमी होतं आणि आमवातावरचा परिणाम कमी होत नाही. कुणी आठवड्यातून एक दिवस देतात, कुणी दोन, कुणी मेथोट्रेक्सेटचा वार सोडून रोज. तुमच्या डॉक्टरांची जी पद्धत असेल ती पाळा, शेजारणीची नको.

गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी काहींना मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. रात्री जेवणानंतर घेतली तर बराचसा त्रास झोपेत निघून जातो. तरीही जमत नसेल तर डॉक्टर तीच मात्रा त्याच दिवशी बारा तासांच्या अंतराने दोन भागांत देतात, किंवा पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन सुरू करतात. इंजेक्शनही आठवड्यातून एकच. मळमळते म्हणून औषध बंद करण्याआधी हे पर्याय विचारून बघा. गोळी कुटू नका, तोडू नका. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळ्या हाताळू नयेत.

रक्ताच्या तपासण्या

सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), लिव्हरची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी तपासणी), हिपॅटायटिस बी आणि सी, आणि सहसा छातीचा एक्स-रे करतात. सुरुवातीच्या तीन महिन्यांत दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त तपासतात. मग अंतर वाढत जातं, आणि सगळं स्थिर झालं की साधारण दर तीन महिन्यांनी. हे तीन महिन्यांचं अंतर आयुष्यभर पाळायचं असतं. दहा वर्षं काही झालं नाही म्हणून अकराव्या वर्षी तपासणी सोडायची नाही.

तीन तपासण्या तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. सीबीसीतून बोन मॅरो कळतो. लिव्हरच्या तपासणीतून यकृतावरचा ताण. आणि क्रिएटिनिन सर्वांत महत्त्वाचं, निदान साठीच्या पुढच्या माणसांसाठी तरी, कारण हे औषध शरीराबाहेर मुख्यतः लघवीवाटे जातं. मूत्रपिंडं मंदावली की तीच ठरलेली मात्रा अंगात साठून जास्त होते. कुणाचीही चूक नसताना विषबाधा होण्याचा हा रस्ता आहे. मधुमेह असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

रक्त गोळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देऊ नका, त्या वेळी लिव्हरचे आकडे तात्पुरते वाढलेले दिसू शकतात. पुढची गोळी घ्यायच्या एक-दोन दिवस आधी दिलेलं बरं. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा, थोडं वाढलेलं दिसलं म्हणून स्वतःच औषध बंद करू नका. रिपोर्ट डॉक्टरांना पाठवा. ते मात्रा कमी करतात किंवा काही आठवडे थांबवतात.

दारूबद्दल स्पष्टच सांगते: या औषधाबरोबर न प्यायलेलीच बरी. दोन्हींचा भार लिव्हरवर पडतो. वजन जास्त असेल, फॅटी लिव्हर असेल, मधुमेह असेल, तर हा भार आधीच वाढलेला असतो.

दुसरी औषधं, काढे आणि पुड्या

एक नाव घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या: कोट्रायमोक्साझोल. सेप्ट्रान, बॅक्ट्रिम ही त्याची ओळखीची नावं. लघवीच्या जळजळीसाठी, जुलाबांसाठी ही स्वस्त अँटिबायोटिक गोळी सर्रास दिली जाते. तीही फॉलिक ॲसिडचंच काम अडवते. मेथोट्रेक्सेटबरोबर ती चार-पाच दिवस घेतली तरी रक्ताच्या पेशी धोकादायक पातळीवर घसरू शकतात. नवीन डॉक्टरांकडे गेलात, दाताच्या डॉक्टरांकडे गेलात, दुकानातून तापाची गोळी घेतलीत, तर पहिलं वाक्य हेच असलं पाहिजे: "मी मेथोट्रेक्सेट घेते."

वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. मूत्रपिंडं चांगली असतील तर डॉक्टर त्या मेथोट्रेक्सेटबरोबर देतातही, पण मनाने रोज दोन-तीन गोळ्या खाणं वेगळं.

आता गुळवेल. करोनाच्या काळात घराघरांत प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला, वाद झाला. त्या वादात न पडताही एक साधी गोष्ट दिसते. तुमचा आजारच मुळी प्रतिकारशक्ती नको तिथे जागी झाल्याचा आहे, आणि तुम्ही यकृतावर ताण देणारं औषध आधीच घेताय. अशा माणसाने प्रतिकारशक्ती 'वाढवणारं' काहीही, मग ते झाडपाल्याचं असो की डब्यातल्या पावडरीचं, डॉक्टरांना न सांगता घेऊ नये.

वातावरच्या बिननावाच्या पुड्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते. दोन दिवसांत आराम पडतो, माणूस त्या वैद्याचं नाव दहा जणांना सांगतो. अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. प्रतिकारशक्ती दोन्हीकडून दबते, आणि आपल्याकडे टीबी अजून घरोघरचा आजार आहे. आधीपासून अशा पुड्या घेत असाल, तर त्या एकदम बंद करू नका, कारण स्टेरॉइड अचानक थांबवणंही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं ते सांगा.

कधी थांबायचं

ताप १००.४ च्या वर गेला, अँटिबायोटिक घ्यावं लागेल असा संसर्ग झाला, उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं, तर त्या आठवड्याची गोळी थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. पावसाळ्यात हे विशेष, कारण डेंग्यूमध्ये प्लेटलेट आधीच घसरतात. वारीला पायी जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. उन्हातान्हात चालताना पाणी कमी पडतं, कुठलंतरी पाणी प्यायलं जातं, आणि गोळ्यांची पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये राहते.

नवा कोरडा खोकला आणि चालताना दम लागणं याकडे खास लक्ष द्या, विशेषतः पहिल्या वर्षात. क्वचितच, पण या औषधाने फुप्फुसांना सूज येते. खोकल्याचं औषध घेत आठवडा घालवू नका. डोळे पिवळे दिसणं, तोंडात फोड, न थांबणारं रक्त, अंगावर जांभळे डाग यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. अंगावर एका बाजूला दुखऱ्या पुळ्यांचा पट्टा उठला तर ती नागीण असू शकते. मांत्रिकाकडे नको, डॉक्टरांकडे जा, पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेल्या औषधाचा सर्वांत जास्त फायदा होतो. स्वतःला कधी कांजिण्या झाल्या नसतील आणि घरातल्या मुलाला झाल्या, तर पुरळ उठायची वाट न बघता फोन करा.

ऑपरेशन ठरलं तर सर्जनना सांगा, पण स्वतःहून गोळी बंद करू नका. गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये ती सहसा चालूच ठेवतात.

लशींबद्दल थोडक्यात: फ्लू आणि न्यूमोनियाची लस जरूर घ्या. फ्लूच्या लशीनंतर आजार शांत असेल तर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवायला सांगतात, त्याने लस जास्त चांगली लागू पडते. गोवर, कांजिण्या, पिवळा ताप अशा जिवंत जंतूंच्या लशी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाहीत. नोकरीसाठी आफ्रिकेत जाणाऱ्यांना पिवळ्या तापाची लस लागते, त्यांनी व्हिसाच्या घाईत नव्हे, तर काही महिने आधीच हा विषय काढावा.

मूल हवं असेल तर

हे औषध गर्भाला घातक आहे. गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ वाढू नये म्हणून डॉक्टर मेथोट्रेक्सेटच देतात, यावरून त्याची ताकद समजा. ते चालू असताना खात्रीचं गर्भनिरोधक हवंच. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. ते साधारण एक ते तीन महिने आधी, काही ठिकाणी त्याहून आधी, ते बंद करून गरोदरपणात चालणारी औषधं सुरू करतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझिन ही त्यांतली. आमवात असलेल्या बायका निरोगी बाळांना जन्म देतात, आणि आठवड्याच्या या छोट्या मात्रेमुळे वांझपण येत नाही. स्तनपान चालू असताना मात्र हे औषध घेत नाहीत.

आपल्याकडे अडचण औषधाच्या पलीकडची आहे. लग्न ठरताना आजार लपवला जातो. नवी सून गोळी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते, सासरी सांगू शकत नाही, वर्षाच्या आत 'गोड बातमी'ची अपेक्षा असते. मग एकतर औषध चोरून बंद होतं आणि सांधे उसळतात, किंवा औषध चालू असतानाच दिवस राहतात. मुलीच्या आईवडिलांना मी हात जोडून सांगते, जावयाला तरी विश्वासात घ्या. आणि औषध चालू असताना दिवस राहिलेच, तर मेथोट्रेक्सेट त्याच क्षणी थांबवा, फॉलिक ॲसिड चालू ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. पुढे काय करायचं हे सोनोग्राफी आणि गोळीच्या तारखा बघून ठरतं, घरातल्या बैठकीत नाही. पुरुषांनीही मूल होऊ देण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

पाकिटात ठेवायचा कागद

रुग्णालयात दुसऱ्याच कारणासाठी दाखल झालेल्या माणसाची औषधं नवा डॉक्टर लिहून घेतो, आणि तिथे 'आठवड्यातून' हा शब्द गळू शकतो. त्या वेळी रुग्ण शुद्धीवर असेलच असं नाही. म्हणून एक छोटा कागद मराठीत आणि इंग्रजीत लिहून पाकिटात, आधार कार्डाच्या मागे ठेवा, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलवर. त्यावर एवढंच:

मी मेथोट्रेक्सेट घेते. आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री. मात्रा १५ मिलिग्रॅम (तुमचा वार आणि तुमची मात्रा लिहा). रोज देऊ नये. कोट्रायमोक्साझोल देऊ नये. माझे डॉक्टर आणि त्यांचा फोन. घरचा फोन. शेवटच्या रक्त तपासणीची तारीख.

तारखेची ओळ पेन्सिलने लिहा, म्हणजे दर तपासणीनंतर खोडून नवी घालता येईल.